मातृभाषा आणि शाळेची भाषा : केळझर परिसराच्या संदर्भात द्वैभाषिक शिक्षणाचा विचार

१. प्रश्नाची मांडणी

‘द्वैभाषिक’ हा शब्द मराठी समाजात रूढ झाला तो राजकीय वादाच्या निमित्ताने. १ नोव्हेंबर १९५६ पासून ३० एप्रिल १९६० पर्यंत अस्तित्वात असलेल्या मुंबई राज्यात मराठी आणि गुजराती असे दोन भाषिक समाज एकत्र नांदत होते, आणि त्या राज्यरचनेला ‘द्वैभाषिक’ असे म्हटले जात असे. वर्धा जिल्ह्यास मात्र हा अनुभव नवा नव्हता. १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढलेला हा जिल्हा १९५६ पर्यंत अशा एका प्रांताचा घटक होता, की ज्याचे उत्तरेकडील व पूर्वेकडील जिल्हे प्रामुख्याने हिंदी भाषक व दक्षिणेकडील जिल्हे मराठी भाषक होते. ह्या प्रांतात १९५० साली राजभाषाविषयक कायदा झाला, तेव्हा हिंदी व मराठी ह्या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान देण्यात आले. म्हणजे १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन होईपर्यंत वर्धा जिल्ह्याने एकामागून एक अशी दोन द्वैभाषिक राज्ये अनुभवली होती.

तथापि राज्याची द्वैभाषिकता आणि व्यक्तीची द्वैभाषिकता ह्या दोन भिन्न गोष्टी होत. राज्य द्वैभाषिक असले तरी त्यातील प्रत्येक नागरिक एकभाषिक असू शकतो. उलटपक्षी एकभाषिक म्हणविणाऱ्या राज्यातील बहुसंख्य माणसे दोन वा तीन भाषांत व्यवहार करीत असू शकतात. शिक्षणाच्या क्षेत्रात ह्या दोहोंची गल्लत वारंवार होते. राज्याने किती भाषांना मान्यता द्यावी हा शासनाचा प्रश्न आहे. शाळेत प्रथमच येणारे मूल कोणत्या भाषेच्या आधाराने वाचू लागेल हा शिक्षणशास्त्राचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही.

प्रस्तुत विवेचनासाठी केळझर व त्याभोवतालचा प्रदेश निवडण्यास कारण आहे. वर्धा–नागपूर मार्गावरील सेलू तालुक्यातील हे गाव तेथील गणपतीच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध आहे. विदर्भातील अष्टविनायकांत त्याची गणना होते, आणि महाभारतातील एकचक्रनगरी ती हीच, अशी लोकपरंपरा आहे. ह्याच मार्गावर पुढे सेलू, विनोबा भावे यांचा आश्रम असलेले पवनार व नंतर वर्धा शहर लागते. शिक्षण मातृभाषेतून असावे हा ठराव, आणि हिंदी ही राष्ट्रभाषा म्हणून सर्वत्र शिकविली जावी हे आंदोलन, या दोहोंची केंद्रे ह्या मार्गाच्या टोकाशी होती. भारतीय शिक्षणातील भाषाविषयक धोरणाचे दोन मुख्य प्रवाह जेथे शेजारी शेजारी वाहिले, त्या प्रदेशातील खेड्याच्या दृष्टीने ह्या धोरणाकडे पाहिले असता त्यात राहून गेलेली एक उणीव स्पष्ट दिसू लागते. ती उणीव अशी, की धोरणाने भाषांची संख्या व क्रम ठरविला, परंतु मुलाच्या घरच्या भाषेतून शाळेच्या भाषेत जाण्याची वाट बांधली नाही.

२. वर्ध्याचा ठराव व त्यातील गृहीतक

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधी यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम, हस्तव्यवसाय हे शिक्षणाचे केंद्र, आणि त्यातून शिक्षकांच्या वेतनाचा खर्च क्रमाक्रमाने भागावा अशी अपेक्षा, हे तिच्या ठरावांचे सार होय. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आपला अहवाल दिला. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने योजनेस मान्यता दिली, आणि तिच्या अंमलबजावणीसाठी सेवाग्राम येथे हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. आर्यनायकम् व आशादेवी ह्या दांपत्याने त्याचे काम पुढे अनेक वर्षे चालविले.

ह्या योजनेची चर्चा बहुधा हस्तव्यवसायाच्या अंगाने होते. तिच्यातील भाषाविषयक मांडणीकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. मातृभाषेवरील प्रभुत्व हा सर्व शिक्षणाचा पाया, हे तत्त्व समितीने मान्य केले. इंग्रजीला सात वर्षांच्या अभ्यासक्रमात स्थान दिले नाही. आणि ज्या प्रदेशांची भाषा हिंदुस्तानी नाही तेथे तिचा अभ्यास पाचव्या व सहाव्या वर्षी अनिवार्य ठेवला. हा शेवटचा मुद्दा विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. राष्ट्रीय ऐक्यासाठी एका समान भाषेचा ज्यांनी सर्वाधिक आग्रह धरला, त्यांनीही तिचा प्रवेश मातृभाषेतील चार वर्षांच्या शिक्षणानंतर सुचविला होता.

राष्ट्रभाषेच्या प्रसाराचे जे कार्य त्याच शहरातून झाले त्याची रीतही निराळी होती. १९३६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या प्रवेश, परिचय, कोविद इत्यादी परीक्षांना बसणारे विद्यार्थी मुख्यतः स्वेच्छेने बसत. ह्या भाषेचे स्वरूप काय असावे याविषयी वर्ध्यातही एकमत नव्हते. हिंदी व उर्दू ह्या दोन्ही शैलींचा आणि दोन्ही लिप्यांचा स्वीकार करणाऱ्या हिंदुस्तानीसाठी १९४२ मध्ये वर्धा येथेच हिंदुस्तानी प्रचार सभा स्थापन झाली, आणि ह्याच मतभेदामुळे १९४५ साली गांधीजींनी हिंदी साहित्य संमेलनाचा त्याग केला. पुढे घटना समितीने देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा म्हणून स्वीकारली.

ह्या सर्व चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली गेली होती. प्रत्येक प्रांताची एक भाषा असते आणि त्या प्रांतातील मुलाची तीच मातृभाषा होय, असे ते गृहीतक. समितीच्या मांडणीत प्रांतभाषा व मातृभाषा ही पदे जवळजवळ समानार्थी म्हणून येतात. परकीय भाषेच्या वर्चस्वाविरुद्ध लढा चालू असता हे स्वाभाविक होते. इंग्रजीच्या तुलनेत पुण्याची मराठी आणि केळझरची मराठी यांतील अंतर नगण्य वाटणे साहजिक आहे. परंतु इंग्रजी दूर सारल्यावर, मराठी माध्यमाच्या वर्गात बसलेल्या मुलापुढे जे अंतर शिल्लक राहते त्याचे मोजमाप झाले नाही.

३. मराठीच्या पोटातील द्वैभाषिकता

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाड व मध्य प्रांतातील मराठीची वऱ्हाडी व नागपुरी ही रूपे नोंदविली आहेत. वर्धा जिल्हा ह्या दोहोंच्या संधिप्रदेशात येतो. येथील घरगुती बोलीत ‘मला, तुला’ यांऐवजी ‘मले, तुले’ अशी रूपे येतात. ‘का’ अथवा ‘कशासाठी’ याऐवजी ‘काहून’ विचारले जाते. आणि वऱ्हाडी उच्चारात ‘ळ’च्या जागी ‘य’ येऊन ‘डोळा’चा ‘डोया’ व ‘केळं’चे ‘केयं’ होते. ज्या गावाच्या नावातच ‘ळ’ आहे त्या गावच्या मुलास हे वर्ण शाळेत प्रथमच विशेष प्रयत्नाने उच्चारावे लागावे, ही गोष्ट प्रमाणभाषा व बोली यांच्या संबंधावर पुरेसा प्रकाश टाकते. शब्दसंग्रहाचेही तसेच आहे. येथे शेताला ‘वावर’ व कपाशीच्या झाडाला ‘पऱ्हाटी’ म्हणतात. आणि ‘सांबार’ म्हटले म्हणजे कोथिंबीर, हे विदर्भाबाहेरच्या पाठ्यपुस्तककाराच्या सहसा ध्यानी येत नाही.

ह्याहून अर्थपूर्ण उदाहरण वाक्यरचनेचे आहे. ‘तू काय करीत आहेस?’ ह्या प्रमाण वाक्याऐवजी नागपूर–वर्धा भागात ‘तू काय करून राहिला?’ असे म्हणतात. ह्यातील प्रत्येक शब्द मराठी आहे. परंतु ‘राहणे’ ह्या क्रियापदाने चालू क्रियेचा बोध करून देण्याची ही पद्धत हिंदीतील ‘कर रहा है’ ह्या रचनेशी जुळते. शब्द एका भाषेचे व सांगाडा दुसरीचा, असा हा प्रकार होय. तो केवळ अज्ञानातून वा निष्काळजीपणातून उद्भवत नाही. अनेक पिढ्या दोन भाषा एकाच बाजारात, एकाच कचेरीत व एकाच प्रवासात वापरणाऱ्या समाजाच्या बोलीवर उमटलेला तो ठसा आहे. ज्या मुलाला हिंदीचे एक वाक्यही शिकविलेले नाही, त्याच्या मातृभाषेच्या व्याकरणातही हिंदीचा सहवास असा आधीच मुरलेला असतो.

जनगणनेत ह्या स्थितीची नोंद होत नाही. जनगणनेत प्रत्येक व्यक्तीची मातृभाषा व तिला अवगत असलेल्या आणखी दोन भाषांपर्यंतची माहिती घेतली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे २६ टक्के लोकांना दुसरी भाषा व सुमारे ७ टक्के लोकांना तिसरीही अवगत आहे. परंतु घरी वऱ्हाडी व शाळेत प्रमाण मराठी बोलणाऱ्याची गणना एकभाषिक मराठी भाषकांतच होते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली एकाच भाषेच्या उच्च व सामान्य अशा दोन रूपांच्या कार्यविभागणीचे विवेचन केले. मराठीची स्थिती त्यांच्या अरबी वा स्विस जर्मन यांसारख्या उदाहरणांइतकी टोकाची नाही, कारण प्रमाण मराठी ही काही कुटुंबांची घरगुती भाषाही आहे. मात्र त्यामुळेच अन्याय अधिक सूक्ष्म होतो. एका मुलाची घरची भाषा हीच पुस्तकाची भाषा असते; दुसऱ्याच्या घरच्या भाषेवर वहीत लाल रेघ ओढली जाते; आणि दोघांच्याही प्रगतिपुस्तकात ‘मातृभाषा’ ह्या एकाच शीर्षाखाली गुण मांडले जातात.

४. कोलामी व गोंडी

बोलीचे हे अंतर एकाच भाषेच्या आतील आहे. वर्धा जिल्ह्यात मराठीहून सर्वस्वी भिन्न अशा द्राविड कुळातील भाषा बोलणारे समाजही आहेत. एम. बी. एमेनो यांचे कोलामी भाषेवरील व्याकरण १९५५ साली प्रसिद्ध झाले. ते मुख्यतः कोलामीच्या वर्धा भागातील बोलीवर आधारलेले आहे. म्हणजे ज्या जिल्ह्यातील ठरावाने मातृभाषेचा पुरस्कार केला, त्याच जिल्ह्यातील एका मातृभाषेचे शास्त्रीय वर्णन जगातील विद्यापीठांत पोचले. परंतु महाराष्ट्रातील शालेय अभ्यासक्रमात ती माध्यम म्हणून स्थिरावली नाही. एमेनो यांनीच १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचा सिद्धान्त मांडला. भिन्न कुळांतील भाषा दीर्घ सहवासाने परस्परांची वैशिष्ट्ये आत्मसात करतात, हे त्याचे सूत्र होते. ह्या सहवासाचे वाहक द्वैभाषिक माणसेच असतात.

२०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९.८ लाख व कोलामी भाषकांची सुमारे १.२८ लाख नोंदली आहे. गोंडी बोलणारे लोक मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगण इत्यादी राज्यांत विभागलेले असल्याने कोणत्याही एका राज्याची ती मुख्य भाषा ठरत नाही. भाषावार प्रांतरचनेने मोठ्या भाषांना राज्य दिले, लहान भाषांना सीमा दिल्या. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट केलेल्या ३५०-अ ह्या अनुच्छेदानुसार भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरविण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही व्यवहार्य असेल तेथवर माध्यम मातृभाषा असावे असे म्हटले आहे. परंतु ‘प्रयत्न’ आणि ‘व्यवहार्य’ ह्या शब्दांचा भार बहुधा लहान भाषांवरच पडतो. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथे २०१९ साली ग्रामसभेने स्वतःहून गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ही घटना ह्या दृष्टीने उद्बोधक आहे.

५. द्वैभाषिकतेविषयीचे संशोधन

दोन भाषांमुळे मुलाच्या बुद्धीवर ताण पडतो, असा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिक्षणशास्त्रात प्रबळ होता. वेल्समध्ये डी. जे. सेअर यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण भागातील द्वैभाषिक मुले एकभाषिक मुलांहून मागे असल्याचे आढळले. परंतु त्याच अभ्यासात शहरी मुलांच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही, ही गोष्ट पुढे अनेकांच्या नजरेतून सुटली. ग्रामीण मुलाचे मागेपण त्याच्या दोन भाषांतून आले की शाळेने त्याच्या घरच्या भाषेला दिलेल्या वागणुकीतून व त्याच्या आर्थिक परिस्थितीतून आले, हा खरा प्रश्न होता.

१९६२ साली एलिझाबेथ पील व वॉलेस लँबर्ट यांनी कॅनडातील माँट्रिअल येथील दहा वर्षांच्या मुलांच्या तौलनिक अभ्यासात सामाजिक व आर्थिक स्तर समान ठेवण्याची दक्षता घेतली. त्यात फ्रेंच व इंग्रजी ह्या दोन्ही भाषा चांगल्या अवगत असलेली मुले अनेक बौद्धिक चाचण्यांत एकभाषिक मुलांहून सरस ठरली. दोन्ही भाषांवर समान प्रभुत्व असलेलीच मुले निवडल्यामुळे ह्या निष्कर्षाला मर्यादा आहे, हे खरे. तथापि द्वैभाषिकता ही स्वभावतःच हानिकारक असते हे मत त्यानंतर टिकू शकले नाही. लँबर्ट यांनी पुढे द्वैभाषिकतेचे दोन प्रकार कल्पिले. एकात दुसरी भाषा पहिलीत भर घालते. दुसऱ्यात ती पहिलीला हुसकून तिची जागा घेते. भाषा त्याच असल्या तरी समाजातील त्यांच्या प्रतिष्ठेनुसार परिणाम उलट होतात.

जिम कमिन्स यांनी १९७९ च्या सुमारास आणखी एक भेद पुढे आणला. दैनंदिन संभाषणासाठी लागणारी भाषा आणि वाचन, तर्क, व्याख्या यांसाठी लागणारी भाषा ह्या वेगळ्या असून पहिली साधारण दोन वर्षांत आत्मसात होते, दुसरीला मात्र पाच ते सात वर्षे लागू शकतात, असे त्यांचे म्हणणे. तसेच पहिल्या भाषेत कमावलेले विचारकौशल्य दुसऱ्या भाषेत संक्रमित होते. ते पुन्हा मुळापासून शिकावे लागत नाही. बाजारात हिंदी सहज बोलणाऱ्या मुलास हिंदीतून भूगोलाचे पुस्तक समजेलच असे का नाही, याचे उत्तर ह्या भेदात सापडते. १९५३ साली युनेस्कोने प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञांच्या अहवालातही प्रारंभिक शिक्षण मातृभाषेतून व्हावे आणि ते शक्य तितक्या वरच्या टप्प्यापर्यंत न्यावे अशी शिफारस होती.

समाजातील द्वैभाषिकतेचे अभिजात उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. मराठी, कानडी, उर्दू व तेलुगू ह्या भाषा तेथे दीर्घकाळ शेजारी बोलल्या जात होत्या. शब्द वेगळे राहूनही वाक्यरचना इतक्या जवळ आल्या होत्या की एका भाषेतील वाक्याचे शब्दशः रूपांतर केल्यास दुसऱ्या भाषेतील वाक्य तयार व्हावे. तथापि कोणत्याही समाजाने आपली घरची भाषा सोडली नव्हती. तेथे भाषांची संख्या कमी करण्याची आवश्यकता कोणास भासली नाही, कारण प्रत्येक भाषेचे स्थान निश्चित होते. बहुभाषिकता हे भारतीय खेड्याचे दुखणे नसून ती त्याची जुनी रीत आहे. अडचण सुरू होते ती शाळेत, जेथे एकाच भाषारूपाला शुद्धतेचा मान मिळतो व इतर रूपे चुकांच्या यादीत जातात.

६. क्रम, अंतर आणि धोरण

त्रिभाषासूत्राची कल्पना १९५६ साली केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने मांडली व १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत तिला सुटसुटीत रूप मिळाले. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात ह्या सूत्राची जी सुधारित मांडणी केली तीत क्रमाचा विचार प्रधान होता. पहिली ते चौथीपर्यंत एकच भाषा, नंतरच्या टप्प्यात दोन, आणि आठवीपासून तीन, असा तो क्रम होय. महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी व हिंदी ह्या भाषा दीर्घकाळ पाचवीपासून शिकविल्या गेल्या. २००० साली इंग्रजी हा विषय पहिलीपासून सुरू करण्यात आला. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. १७ जून रोजी त्यात बदल करून, वर्गातील किमान वीस विद्यार्थ्यांची मागणी असल्यास दुसरी भारतीय भाषा घेण्याची मुभा ठेवण्यात आली. तीव्र विरोधानंतर २९ जून २०२५ रोजी हे दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले व डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे ठरले.

ह्या वादात अस्मितेचा मुद्दा प्रकर्षाने पुढे आला. शैक्षणिक मुद्दा त्याहून साधा, पण अधिक टिकाऊ आहे. मराठी व हिंदी ह्यांची लिपी एक आहे, म्हणून हिंदी मराठी मुलास सोपी जाते असे म्हटले जाते. हे अंशतः खरे आहे. परंतु जवळीक ही जशी सोय असते तशीच ती चकवाही असते. मराठीत ‘कवी’ व ‘गुरू’ दीर्घान्त लिहितात, हिंदीत ‘कवि’ व ‘गुरु’ ऱ्हस्वान्त. ‘च, ज, झ’ यांचे मराठीत दोन उच्चार होतात, हिंदीत एक. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीतील ‘शिक्षा’ म्हणजे दंड; हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. ज्याचे एका भाषेतील वाचन व लेखन स्थिर झाले आहे त्याला हे भेद रंजक वाटतात व भाषेविषयी सजग करतात. जे मूल ‘डोया’ व ‘डोळा’ यांतील अंतर नुकतेच ओलांडू लागले आहे, त्याला त्याच वर्षी ‘कवी’ व ‘कवि’ यांतील भेद पाळावयास सांगणे म्हणजे एका अपुऱ्या पुलावर दुसरा पूल बांधणे होय.

इंग्रजीच्या बाबतीतही प्रश्न विरोधाचा नसून अंतराचा आहे. पालकांची इंग्रजीविषयीची ओढ भ्रामक म्हणून झटकून टाकता येत नाही. उच्च शिक्षण, नोकरी व न्यायालय यांची भाषा कोणती हे त्यांना ठाऊक असते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ साली कर्नाटकाच्या प्रकरणात, राज्याला मातृभाषेचे माध्यम सक्तीने लादता येणार नाही, असा निर्णय दिला. अनेक मराठी शाळांनी गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि अन्य विषय मराठीतून शिकविण्याचा मध्यम मार्ग स्वीकारला आहे. त्यातील भाषिक अडचण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना एकक आधी व दशक नंतर उच्चारले जाते. अंकांत मात्र दशक आधी लिहिले जाते. इंग्रजी ‘ट्वेंटी फाइव्ह’चा क्रम लेखनाशी जुळतो. ‘एकोणतीस’ ह्या शब्दात तर वजाबाकी दडलेली आहे. दोन पद्धतींची सांगड शिक्षकाने उलगडून दाखविली तर मुलाला स्थानमूल्याचे उत्तम ज्ञान होते. न दाखविल्यास ते दोन्हीकडे चाचपडते. दोन्ही बाबतींत साधन तेच आहे, पण शिक्षकाच्या पद्धतीमुळे फळ बदलते.

७. शिक्षणव्यवहारातील फलिते

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली गोष्ट ही, की बोली ही प्रमाणभाषेची बिघडलेली आवृत्ती नाही, हे शिक्षकाच्या प्रशिक्षणात स्पष्टपणे शिकविले पाहिजे. ‘मले’ लिहिणाऱ्या मुलाला ते चुकले असे सांगण्याऐवजी ‘घरी मले, पुस्तकात मला’ अशी समांतर मांडणी फळ्यावर करणे, हे एका वर्गात दहा मिनिटांचे काम आहे; त्याने मुलाला व्याकरणाचा पहिला धडाही मिळतो, कारण दोन रूपांची तुलना हाच व्याकरणविचाराचा प्रारंभ होय. दुसरी गोष्ट, पहिल्या दोन वर्षांत मौखिक व्यवहार घरच्या भाषेत मोकळेपणाने होऊ द्यावा व लेखन हळूहळू प्रमाणभाषेकडे न्यावे. तिसरी गोष्ट, पुढील प्रत्येक भाषेचा प्रवेश वर्षाच्या आकड्यावरून न ठरविता आधीच्या भाषेतील वाचन कितपत स्थिर झाले आहे यावरून ठरवावा.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. बोलीचा असा गौरव केल्यास ग्रामीण मुले बोलीतच अडकून पडतील व प्रमाणभाषेची प्रतिष्ठा, जी सामाजिक उन्नतीची किल्ली आहे, ती शहरी वर्गाच्याच हाती राहील, असे म्हटले जाते. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु येथे बोली ही प्रमाणभाषेच्या जागी सुचविलेली नाही. ती तिच्याकडे नेणारी वाट म्हणून सुचविली आहे. प्रमाणभाषा सर्वांना यावी हे साध्य मान्य केले की ती घरच्या भाषेचा अपमान करून लवकर येते की तिच्या आधाराने, एवढाच प्रश्न उरतो. दुसरी अडचण व्यावहारिक आहे. एकाच वर्गात वऱ्हाडी, हिंदी, गोंडी वा कोलामी बोलणारी मुले एकत्र असू शकतात, आणि एका शिक्षकाला सर्व भाषा अवगत असणे शक्य नाही. अशा ठिकाणी प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र शाळा हा उपाय चालणार नाही. मात्र कथा, गाणी, वस्तूंची नावे व मोजणी यांसाठी त्या भाषांना वर्गात जागा देता येते, आणि त्यास गावातील वडीलधाऱ्यांचे साहाय्य मिळू शकते.

विद्यापीठीय विभागांपुढे ह्या क्षेत्रात मोठे काम पडलेले आहे. केळझर, सेलू, पवनार ह्या मार्गावरील गावे तुलनात्मक पाहणीस अनुकूल आहेत. कारण एकीकडे नागपूरचे हिंदीमिश्रित नागरी वातावरण व दुसरीकडे वऱ्हाडी बोलीचे क्षेत्र ह्यांच्या मधला हा पट्टा आहे. पहिलीत येणाऱ्या मुलांच्या तोंडी कोणती रूपे असतात, चौथीच्या अखेरीस त्यांच्या लेखनात त्यांपैकी कोणती उरतात, ‘करून राहिला’ ही रचना मुले केव्हा व कोणाशी बोलताना टाळू लागतात, आणि तिसरी भाषा सुरू झाल्यावर पहिल्या भाषेतील वाचनगती वाढते की खुंटते, एवढ्या चार प्रश्नांची पद्धतशीर नोंद काही वर्षे केली तर भाषाधोरणाच्या चर्चेस मतांऐवजी पुराव्याचा आधार मिळेल. १९३७ च्या परिषदेने मातृभाषेचे तत्त्व दिले. मुलाची मातृभाषा नेमकी कोणती, हे त्याच्याजवळ जाऊन ऐकण्याचे कार्य त्या तत्त्वाच्या पूर्ततेसाठी आवश्यक आहे, आणि ते प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गापासूनच सुरू व्हावयास हवे.